टाळीचं घड्याळ: ‘फायफॉक्स’ तीन वर्षं वर्गात वापरल्यावर

व्हरांड्यात दोन स्टुलं, त्यांच्यामध्ये सहा मीटर अंतर, प्रत्येक स्टुलावर एक फोन आणि प्रत्येक फोनपाशी एक मुलगी. पहिली टाळी वाजवते. क्षणभर थांबून दुसरी टाळी वाजवते. दोन्ही फोनवर एकेक आकडा येऊन थांबतो. दोन आकड्यांची वजाबाकी केली तर ०.०३१ सेकंद. जाऊन-येऊन बारा मीटर, भागिले ०.०३१, म्हणजे ध्वनीचा वेग झाला ३८७ मीटर प्रति सेकंद.

बाकीच्या गटांचे आकडे होते ३४३, ३५३ आणि ३२४. पुस्तकातला आकडा सगळ्यांना पाठ होता, त्यामुळे ३८७ वाला गट लगेच खोडरबर शोधायला लागला. मी म्हटलं, खोडू नका. ३८७ आले ते कुठून आले, ते आधी शोधा.

आधी हा प्रयोग कसा चालतो ते सांगते, कारण ‘फायफॉक्स’ या अ‍ॅपमधला माझा सर्वांत लाडका भाग हाच आहे. त्याचं मेनूतलं नाव ‘अकूस्टिक स्टॉपवॉच’. आमच्या वर्गात त्याला ‘टाळीचं घड्याळ’ म्हणतात. एक आवाज झाला की घड्याळ सुरू होतं, दुसरा झाला की थांबतं. पहिली टाळी वाजते तेव्हा जवळचा फोन लगेच सुरू होतो. लांबचा फोन आवाज तिथवर पोचेपर्यंत उशिरा सुरू होतो. दुसऱ्या टाळीला उलटं घडतं, लांबचा लगेच थांबतो आणि जवळचा उशिरा. म्हणजे पहिल्या मुलीच्या फोनवर जास्तीचा जो वेळ दिसतो, तो आवाजाने सहा मीटर जायला आणि सहा मीटर परत यायला घेतलेला वेळ. दोन्ही घड्याळं जुळवून घ्यायची गरज नाही, दुसरी टाळी नेमकी कधी वाजली याचाही फरक पडत नाही. हे सगळं वजाबाकीत निघून जातं. दर वर्षी हा भाग समजावताना मला स्वतःला आनंद होतो.

आता ३८७. दोघी मुली पुन्हा तशाच उभ्या राहिल्या. तिसऱ्या मुलाने मोजपट्टी धरली. दोघी आपापल्या फोनच्या बाजूला नव्हे, तर एकमेकींकडे सरकून, फोनच्या पुढे उभ्या होत्या. एकीचे हात फोनच्या ३० सेंटिमीटर पुढे, दुसरीचे ३५. टाळी पुढे वाजली की आवाज समोरच्या फोनला लवकर पोचतो आणि स्वतःच्या फोनला उशिरा कळतो, म्हणजे तोच फरक दोनदा कापला जातो. बारातून १.३ मीटर वजा. उरले १०.७. भागिले ०.०३१. उत्तर ३४५.

त्या गटाचं पान मी जपून ठेवलंय. अ‍ॅपने फक्त दोन आकडे दिले, पुढचा अर्धा तास मुलांचा होता. हातातल्या फोनकडून शिक्षक म्हणून मला एवढंच हवं होतं, आणि हे अ‍ॅप नेमकं एवढंच देतं. आज त्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं.

‘फायफॉक्स’ हे नाव ‘फिजिकल फोन एक्सपेरिमेंट्स’ या तीन शब्दांचं लघुरूप. जर्मनीतल्या आरडब्ल्यूटीएच आखेन विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात हे अ‍ॅप तयार झालं आणि २०१६ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. ते विनामूल्य आहे, त्याचा कोड खुला आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. खातं उघडायला लागत नाही, मध्येच जाहिरात उसळत नाही. याआधी मी सेन्सर वाचणारं एक दुसरं अ‍ॅप वापरलं होतं. त्यात मुलांनी आलेख काढला की त्याच्यावरच कुठल्या तरी खेळाची जाहिरात यायची आणि वर्गाचं लक्ष तिकडे जायचं. दोन तासांत मी ते काढून टाकलं. पंधरा वर्षांची मुलं समोर असली की जाहिरात नसणं हा सोयीचा मुद्दा राहत नाही, ती पहिली अट होते.

अ‍ॅप काय करतं ते थोडक्यात. आपल्या फोनमध्ये कामापुरते बसवलेले सेन्सर असतात. फोन आडवा केला की पडदा आडवा होतो, ते अ‍ॅक्सेलरोमीटर या त्वरण मोजणाऱ्या सेन्सरमुळे. कानाला लावला की पडदा काळा पडतो, ते प्रॉक्सिमिटी सेन्सरमुळे. उन्हात गेलं की पडद्याचा उजेड वाढतो तो प्रकाशाच्या सेन्सरमुळे, नकाशावर आपण कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत ते कळतं चुंबकीय सेन्सरमुळे. हे सगळे सेन्सर मुकाट्याने आकडे देत असतात आणि फोन ते आकडे स्वतःसाठी वापरून टाकून देतो. फायफॉक्स तेच आकडे आपल्यासमोर मांडतं, त्यांचा आलेख काढतं आणि हवं तर एक्सेलच्या फाइलमध्ये भरून देतं. पहिला पडदा म्हणजे नुसती यादी. वर कच्चे सेन्सर, मग आवाजाचे प्रयोग, यांत्रिकीचे प्रयोग, घड्याळं, अशी. नटवलेलं काही नाही. मला ते आवडतं.

यादीतल्या ‘अ‍ॅक्सेलरेशन विथ जी’ (म्हणजे गुरुत्वासह त्वरण) या साध्या नोंदीने मला माझ्या शिकवण्यातली मोठी फट दाखवली.

फोन टेबलावर सपाट ठेवला. आकडा ९.८ च्या आसपास डोलत राहिला. मुलं खूश. “बाई, गुरुत्वाकर्षण!” मी विचारलं, हाच फोन हातातून सोडला, तर खाली पडत असताना किती दाखवेल? वहीत लिहा. ३८ मुलांपैकी ३४ जणांनी ९.८ किंवा त्याहून जास्त लिहिलं. दोघांनी काहीच लिहिलं नाही. उरलेल्या दोघांनी शून्य लिहिलं होतं, पण कारण विचारल्यावर दोघंही गप्प.

खेळाच्या तासाची जाड गादी आणली. साधारण सव्वा मीटर उंचीवरून फोन सोडला. पडायला अर्धा सेकंद लागतो. आलेखात आधी ९.८ ची सरळ रेघ, मग एकदम खाली, अर्धा सेकंद शून्याला चिकटून, आणि मग गादीवर आदळल्याचं उंच टोक. वर्गात शांतता. एक मुलगा म्हणाला, “फोन बिघडलाय.” दुसरा फोन सोडला. पुन्हा तेच.

पडणाऱ्या वस्तूला त्वरण असतं हे मुलांनी पाठ केलेलं, आणि त्वरण मोजायचं यंत्र पडताना शून्य म्हणतंय. मग यंत्र नेमकं मोजतंय काय? अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणजे सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म ठोकळा, सिलिकॉनच्याच बारीक स्प्रिंगांवर तोललेला. तो चौकटीच्या मानाने सरकला की शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युत धारकता बदलते आणि त्यावरून आकडा काढतात. टेबलावर असताना टेबल फोनच्या चौकटीला वर ढकलून धरतं, ठोकळा मागे रेलतो, आकडा येतो ९.८. पडताना चौकट आणि ठोकळा बरोबरच पडतात, कोणी कोणाच्या मागे राहत नाही, आकडा शून्य. म्हणजे पृथ्वी ओढते ते त्या यंत्राला कळतच नाही, टेबल ढकलतं ते कळतं. लिफ्ट खाली निघताना पोटात जे होतं ते, अंतराळवीर तरंगतात ते आणि हा आलेख, तिन्ही एकच गोष्ट आहे. मुक्त पतनातली वजनरहित अवस्था मी एवढी वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवत आले. बाणांनी मुलांना गुण मिळवून दिले, पण अर्ध्या सेकंदाच्या त्या सपाट रेघेने त्यांना प्रश्न पडला. हा फरक माझ्यासाठी फार मोठा आहे.

याच यादीत ‘अ‍ॅक्सेलरेशन विदाउट जी’ असंही एक आहे. त्यात टेबलावर शून्य दिसतं. नवीन शिक्षकांनी इथे सावध राहावं. हा आकडा थेट सेन्सरचा नसतो. फोन इतर सेन्सरांच्या, मुख्यतः जायरोस्कोपच्या (फोन किती वेगाने स्वतःभोवती फिरतोय ते मोजणाऱ्या सेन्सरच्या) मदतीने गुरुत्वाचा भाग ओळखतो आणि वजा करून तो दाखवतो. मुलांना आधी हे दाखवलं तर वर सांगितलेला सगळा प्रश्नच नाहीसा होतो. मी पहिल्या वर्षी नेमकं तेच केलं होतं.

पहिल्या वर्षाबद्दल सांगायलाच हवं, कारण अ‍ॅप तेच असताना तास कसा फुकट जातो ते मी पाहिलंय. मी फोन हातात धरून हलवला, आलेख प्रोजेक्टरवर भिंतीभर मोठा दाखवला. लाल-हिरव्या-निळ्या रेघा नाचल्या. मुलं टाळ्या वाजवत होती, प्रत्येकाला फोन हलवून पाहायचा होता. तास संपल्यावर मी विचारलं, काय पाहिलंत? “रेघा हलल्या.” बस. चाळीस मिनिटांत एकाही मुलाने अंदाज केला नव्हता, त्यामुळे कोणाचाच अंदाज चुकला नव्हता.

तेव्हापासून आमचा एक नियम आहे. अंदाज आधी, फोन नंतर. प्रत्येकाने वहीत पेनाने (पेन्सिलने नाही) आलेखाची रेघ काढायची. काढून झाली की वही मिटायची. मग प्रयोग. आणि दुसरा नियम असा की प्रयोग चालू असताना फोन कोणाच्याही हातात नसतो. तो टांगलेला, चिकटवलेला, फिरत असलेला किंवा खिशात असतो. मुलांची नजर फोनच्या पडद्यावर नसून झुलणाऱ्या लंबकावर असते. फायफॉक्समध्ये ‘टाइम्ड रन’ म्हणून सोय आहे. इतक्या सेकंदांनी सुरू हो, इतके सेकंद मोज, असं आधी सांगून ठेवायचं. ही सोय मेनूत दडलेली आहे आणि बहुतेकांना सापडत नाही. माझ्या मते अ‍ॅपमधली सर्वांत मोलाची गोष्ट तीच.

युनेस्कोने २०२३ साली शाळांतल्या तंत्रज्ञानावर जो अहवाल काढला, त्यात फोन वर्गात तेव्हाच यावा जेव्हा तो शिकण्याला खरोखर मदत करतो, असं म्हटलंय. मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. माझ्या वर्गात वर्षाचे जेमतेम बारा-तेरा तास फोन बाहेर येतात. बाकी वेळ तो पेटीत.

फिरत्या खुर्चीचा प्रयोग मला सर्वांत शेवटी सुचला आणि सर्वांत जास्त दिवस पुरला. अ‍ॅपमध्ये अभिकेंद्री त्वरणाचा, म्हणजे गोल फिरणाऱ्या वस्तूच्या केंद्राकडच्या त्वरणाचा, एक तयार प्रयोग आहे. फोन एखाद्या फिरत्या वस्तूवर बांधायचा आणि ती वेगवेगळ्या वेगांनी फिरवायची. जायरोस्कोप कोनीय वेग देतो, अ‍ॅक्सेलरोमीटर त्वरण देतो, आणि अ‍ॅप दोन आलेख काढतं. कोनीय वेगाविरुद्ध त्वरण काढलं तर वक्र येतो. कोनीय वेगाच्या वर्गाविरुद्ध काढलं तर सरळ रेघ. ‘त्वरण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात’ हे वाक्य डोळ्यांसमोर सरळ होताना दिसतं. मी खुर्चीच्या बैठकीवर एक फळी आडवी बांधली आणि तिच्यावर फोन चिकटपट्टीने लांबीच्या दिशेने चिकटवला. जोरात फिरवून खुर्ची सोडून दिली की ती आपोआप मंदावत जाते आणि सगळे वेग मिळतात.

त्या सरळ रेघेचा उतार म्हणजे त्रिज्या. मुलांनी अक्षापासून फोनच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजलं होतं २० सेंटिमीटर. उतार आला ०.२३ मीटर. पुन्हा केलं, पुन्हा ०.२३. तीन सेंटिमीटर जास्तीचे कुठून आले? मुलांनी पट्टी तपासली, अक्ष तपासला, फळी तपासली. मग एका मुलाने फोन काढला, डोकं खाली पाय वर असा उलटा चिकटवला, मध्य पुन्हा त्याच २० सेंटिमीटरवर, आणि खुर्ची फिरवली. उतार आला ०.१७.

तो काही बोलला नाही. फोन उचलून त्याच्या पाठीवर, मध्यापासून तीन सेंटिमीटर वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

सेन्सर तिथे आहे. फोन न उघडता, खुर्ची फिरवून, त्याने आतल्या चिपची जागा शोधून काढली. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत असे क्षण मोजकेच आलेत. त्या आठवड्यात वर्गातल्या सगळ्या फोनांचे सेन्सर कुठे कुठे आहेत याचा तक्ता मुलांनी स्वतःहून केला. दोन वेगळ्या बनावटींच्या फोनांत जागा वेगळी निघाली, त्यावरून वाद झाला, तोही आलेखावरच मिटला.

आता मर्यादा, आणि त्या मोकळेपणाने सांगते.

सगळ्यांत मोठी अडचण अ‍ॅपची नाही, फोनांची आहे. स्वस्त फोनांत जायरोस्कोप नसतो. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर तर फार थोड्यांत असतो. आमच्याकडच्या सात फोनांपैकी दोनांतच आहे. नसलेल्या सेन्सरचा प्रयोग यादीत फिकट दिसतो. ज्या मुलाच्या फोनवर अर्धी यादी फिकट दिसते, त्याचा चेहरा मी पाहिलाय. म्हणून आता कोणाचाही स्वतःचा फोन वापरत नाही. घरोघरी पडून असलेले जुने, तडकलेल्या काचेचे फोन मागून घेतले, त्यातले चांगले सेन्सर असलेले निवडले. पाच मुलांमागे एक फोन. काच तडकलेली असली तरी आतलं अ‍ॅक्सेलरोमीटर धडधाकट असतं. असा फोन टांगायला आणि आपटायला कोणाचा जीव वर-खाली होत नाही. पहिल्या वर्षी लंबकाच्या प्रयोगात पिशवीचा दोरा तुटून माझा रोजचा फोन फरशीवर पडला, तेव्हापासून ही सोय. दोरा दुहेरी घ्या आणि खाली गादी ठेवाच.

आयफोनवर प्रकाशाचा सेन्सर अशा अ‍ॅपना वाचू दिला जात नाही, त्यामुळे दिव्यापासून अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो हा प्रयोग अँड्रॉइडवरच करा. चुंबकीय सेन्सर फोनच्या चुंबक असलेल्या कव्हरने पार बिघडतो. कव्हर काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, मग मोजा. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ठिकाणाप्रमाणे साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. शेकड्यांत आकडा दिसला तर जवळपास लोखंड किंवा चुंबक आहे असं समजा.

एक तक्रार मात्र अ‍ॅपशी आहे, आणि ती प्रेमापोटी आहे. आकडा मोठ्या थाटात दिसतो, पण तो किती भरवशाचा ते त्याच्या शेजारी दिसत नाही. टाळीच्या घड्याळात मिलिसेकंदापर्यंत वाचता येतं. सहा मीटरच्या प्रयोगात एका मिलिसेकंदाचा फरक म्हणजे उत्तरात दहा मीटर प्रति सेकंदाचा फरक. त्यामुळे ३४३ आणि ३५३ हे खरं तर एकच उत्तर आहे, पण मुलं ३४३ वाल्यांना हुशार समजतात. हे शिक्षकालाच सांगावं लागतं. मी आता प्रत्येक गटाला दहा वेळा टाळ्या वाजवायला लावते आणि दहाही आकडे फळ्यावर लिहायला सांगते. आकडे किती पसरलेत ते दिसलं की मुलं आपोआप सरासरीकडे वळतात. जागा असेल तर अंतर वाढवा. दहा मीटरला तोच एक मिलिसेकंद कमी त्रास देतो. गोंगाट असेल तर आवाजाची मर्यादा वर न्या, नाहीतर खुर्ची सरकल्यावरही घड्याळ सुरू होतं.

भाषेचाही मुद्दा आहे. मी ते इंग्रजीत वापरते, मुलं मराठीत शिकतात. सुरुवातीला हे अडलं. मग आम्ही यादीतल्या नावांना आमची नावं दिली. उसळत्या चेंडूच्या प्रयोगाला ‘टप्पा’, आवाजातल्या वारंवारता दाखवणाऱ्या आलेखाला ‘स्वरांची शिडी’, टाळीचं घड्याळ तर आहेच. नाव स्वतः ठेवलं की मुलं प्रयोग विसरत नाहीत. ‘टप्पा’मध्ये फोन चेंडूचे टप्पे नुसते ऐकतो आणि दोन टप्प्यांमधल्या वेळेवरून चेंडू किती उंच उडाला ते सांगतो. अर्ध्या सेकंदाला साधारण ३१ सेंटिमीटर. ऐकून उंची कळते, यावर मुलांचा पहिल्यांदा विश्वास बसत नाही. मग पट्टी धरून तपासतात.

वर्गाच्या सोयीच्या दोन गोष्टी. प्रयोगाला इंटरनेट लागत नाही. सगळे फोन फ्लाइट मोडवर टाका, सेन्सर चालूच राहतात आणि निरोपांची टिंगटिंग बंद होते. मी हे न चुकता करते. आणि ‘रिमोट अ‍ॅक्सेस’ चालू केलं की अ‍ॅप एक पत्ता दाखवतं. त्याच वायफायवरच्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की टांगलेल्या फोनचा आलेख लॅपटॉपवर दिसतो, तिथूनच सुरू-बंदही करता येतं. फ्लाइट मोडवर टाकल्यानंतर फक्त वायफाय पुन्हा चालू करायचं. काही ठिकाणी शाळेचं वायफाय दोन उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाही. तसं असेल तर एका जुन्या फोनचं हॉटस्पॉट पुरतं.

हे अ‍ॅप कोणी घ्यावं? आठवीपासून पुढे शिकवणाऱ्या प्रत्येक विज्ञान शिक्षकाने, विशेषतः ज्यांच्या प्रयोगशाळेत लंबक आणि स्टॉपवॉचपलीकडे काही नाही त्यांनी. घरी शिकणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनीही. सहावीच्या आतल्या मुलांना देऊ नका. त्यांना आलेख वाचता येत नाहीत, त्यांच्यासाठी दोरी, दगड आणि सावली पुष्कळ आहे. आणि शिक्षकांनी वर्गात नेण्याआधी प्रत्येक प्रयोग स्वतः किमान दोनदा करावा. आवाजाच्या प्रयोगात खोलीतला पंखा बंद करायचा असतो, हे मला वर्गात उभी असताना कळलं.

नववीतल्या एका मुलीने मागच्या महिन्यात शाळेतला एक फोन शनिवारी घरी मागितला. लंबकाचा प्रयोग तिने बागेतल्या झोपाळ्यावर केला, फोन खिशात ठेवून. सोमवारी वही आणली. बसून झोका घेतला तर एका फेरीला २.८ सेकंद. धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली, तरी २.८. उभी राहून झोका घेतला तर २.६. शेजारी तिने सूत्रावरून लांबी काढली होती, बसून १.९५ मीटर, उभं राहून १.६८. खाली लिहिलं होतं, “झोपाळ्याचे साखळदंड तेवढेच. मग २७ सेंटिमीटर कोणी कापले?”

मी उत्तर दिलं नाही. तिने त्याखाली चौथी ओळ आखून ठेवलीय, ‘झोका चालू असताना उठत-बसत राहिले तर’, आणि त्यापुढची जागा रिकामी आहे. या शनिवारी फोन पुन्हा तिच्याकडे जातोय.